झोपलेली नस

बूट कुठे गळून पडला ते रुवैदाला कळलंच नाही. कॉफीवाल्याच्या दुकानापासून ती चढावरच्या वळणापर्यंत आली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वेलदोडे घालून नुकत्याच दळलेल्या कॉफीची कोमट पुडी, आणि डोक्यात विचार काय, तर दुपारी येणाऱ्या मंडळींसाठी बैठकीतले पडदे उघडे ठेवावेत की ओढून घ्यावेत. मागून हाक आली. “मिस! अहो मिस रुवैदा! बूट!” म्हातारा कॉफीवाला दुकान उघडं टाकून धापा टाकत येत होता आणि त्याच्या हातात तिचा डावा बूट होता. तिने खाली पाहिलं. मोजा अर्ध्या पावलापर्यंत घसरला होता, करंगळीजवळ काचेचा तुकडा रुतला होता, आणि फरशीवर मागे दूरपर्यंत लाल ठिपके पडले होते. तिला काही म्हणजे काही लागलं नव्हतं. पाय तिचाच, पण त्याची खबर परक्या माणसाने आणून द्यायची. पोटरीला बांधायची प्लास्टिकची पट्टी आज तिने मुद्दाम घातली नव्हती, कारण पट्टी घातली की चांगला बूट पायात जात नाही, आणि आज घरी मोठी माणसं येणार म्हणून तिला चांगला बूट घालायची हौस आली होती. हौसच म्हणायची, दुसरं काय!

म्हाताऱ्याने तिला कुणाच्या तरी दाराच्या पायरीवर बसवलं आणि भर रस्त्यात गुडघे टेकून तो काच काढायला लागला. ती म्हणाली, “अहो, राहू द्या, लोक बघतायत.” तो म्हणाला, “बघू देत की. तुमच्या शिट्टीला सगळी शाळा चळचळ कापायची, माझी पोरगी तर तुमचं नाव काढलं की दूध निमूट प्यायची. काय झालं हो हे मिस? इतक्या खटाखट चालायच्या तुम्ही.” त्याने काच काढली तेव्हा त्याचाच चेहरा कळवळला, तिचा नाही. आजवर ती स्वतःशी म्हणत आली होती की जाऊ दे, भाऊ म्हणतो तसं होऊ दे, भांडून कोणाचा पाय परत येतो? पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर आपली कळ उमटलेली पाहिली आणि तिला संताप आला. कॉफीची पुडी तिने त्याच्या अंगावर फेकली नाही एवढंच. त्याने पैसे नकोत म्हटलं होतं, “जाहा येतेय ना तुमच्याकडे, घरच्या मानाची कॉफी आहे,” म्हणून वेलदोडे मूठभर जास्त घातले होते. अम्मानमध्ये काही लपत नाही. डॉक्टरच्या बाजूची वडीलधारी मंडळी जाहा घेऊन, म्हणजे माफी मागायला, आज रुवैदाच्या घरी जाणार, हे चढावरच्या मांजरालाही ठाऊक होतं.

माफी मागायला येणाऱ्यांसाठी कॉफी मात्र जिच्याकडे मागायची तिनेच उकळायची. ती घरी येऊन पातेल्यात पाणी ठेवत होती तेव्हा वरच्या मजल्यावरून भाऊ खाली आला. ग़ालिब तिच्याहून बराच धाकटा. आई गेली तेव्हा त्याचं नाक पुसायला रुवैदाच होती, आणि आता कस्टममधून निवृत्त होऊन, पोट सुटून, मोठ्या मुलाच्या नावाने अबू नायिफ म्हणवून घेत तो घराचा कर्ता झाला होता. इस्त्रीचा कोट घालून आला होता. त्याने पडदे उघडले, मग ओढले, मग पुन्हा उघडले. पलीकडून त्याची बायको इतिदाल खजुराची तबकं मांडत होती.

“रुवैदा, तू आतल्या खोलीत बस हं. इतिदाल असेल तुझ्याबरोबर.”

“का? माझ्या बापाची बैठक आहे ही.”

“आहे गं, कोण नाही म्हणतंय? पण तू अशी समोर चालत आलीस, तर त्यांना अवघडल्यासारखं होईल.”

“पाय माझा आणि अवघडणार ते?”

“आता शब्दांत पकडू नकोस. सत्तम पाशा स्वतः येतायत. मंत्री होते ते, कुणाच्या दारात उगाच जात नाहीत. वर्ष झालं, रोज कोर्ट, रोज चौकशी समिती, रोज वकील. थकलीस तू. मीही थकलो. माणसं दारात येतायत, वाकतायत, आपला मान होतोय. अजून काय पाहिजे?”

काय पाहिजे? हा प्रश्न सगळ्यांनी तिला विचारून झाला होता आणि उत्तर ऐकायला कोणीच थांबलं नव्हतं. वकीलबाईंनासुद्धा वाटत होतं की बाईला भरपाई हवी. डॉक्टरच्या वकिलाला वाटत होतं की एकटी बाई आहे, वेळ जात नाही. रुवैदाला फक्त एकच गोष्ट हवी होती, आणि ती सांगायला गेलं तर इतकी किरकोळ वाटे की तिची तिलाच लाज वाटे. त्या दिवशी खुब्याच्या ऑपरेशनच्या टेबलावर मध्येच सगळे गप्प का झाले, हे तिला डॉक्टर मुहन्नदच्या तोंडून ऐकायचं होतं. बस्स. त्यापुढे तो तुरुंगात गेला काय नि हजला गेला काय!

कारण ती जागी होती. हे कोणालाच नीट पटत नसे. भूल कमरेखालीच दिली होती, मणक्यात सुई घालून. हळूहळू पाय गेले, मग खुबे गेले, मग पोटाखाली काही उरलंच नाही. आपण अर्ध्याच राहिलो आहोत हे तिला मजेशीरसुद्धा वाटलं होतं. तोंडासमोर हिरवा पडदा. पलीकडे डॉक्टर मुहन्नदचा मोकळा, खणखणीत आवाज. तो घर बांधत होता. दर्शनी भिंतीला कोणता दगड लावायचा, पांढरा की गुलाबी, यावर भूल देणाऱ्याशी त्याचा वाद चालला होता. “पांढरा पटकन काळा पडतो हो,” भूल देणारा म्हणत होता. मग हातोडी. हाडात सांधा ठोकून बसवतात हे तिला आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. प्रत्येक ठोक्याला तिची बत्तिशी हादरत होती, दुखत काहीच नव्हतं, आणि डोक्याखालची उशी ठोक्यागणिक इंचभर वर सरकत होती. तेवढ्यात तिला हसू आलं होतं. शाळेच्या मैदानावर तंबूच्या खुंट्या ठोकताना असाच आवाज यायचा आणि ती ओरडायची, सरळ मार गं, सरळ! मग कोणीतरी म्हणालं, “अजून ओढ.” मग पुन्हा, “अजून.” आणि मग सगळं थांबलं. हातोडी थांबली, दगडाचा वाद थांबला, कोणाच्या पावलांचासुद्धा आवाज येईना. कोपऱ्यातल्या यंत्रात तिच्या काळजाचे ठोके तेवढे वाजत होते. किती वेळ कोण जाणे. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर गप्प बसण्याचे प्रकार माणसाला कळतात. मुली अभ्यासात गढून गप्प असतात ते वेगळं, बाईंना भिऊन गप्प असतात ते वेगळं, आणि काहीतरी फुटलं आहे नि आता कुणाचं नाव पुढे येतं याची वाट बघत गप्प असतात ते अगदीच वेगळं. ती चुप्पी या तिसऱ्या जातीची होती. तिने पडद्याआडून विचारलंही, “काय झालं, डॉक्टर?” तर भूल देणाऱ्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मावशीला म्हणावं तसं म्हटलं, “काही नाही खाला, झालंच आता.” नळीतून काहीतरी थंड तिच्या हातात चढलं, आणि त्यापुढचं तिला आठवत नव्हतं.

जाग आली तेव्हा उजवा पाय परत आला होता आणि डावा आला नव्हता. म्हणजे खुबा आला, मांडी आली, पण गुडघ्याखाली कुणीतरी दुसऱ्याच बाईचा पाय आणून जोडला होता. पाऊल वर उचल म्हणावं तर ते लटकलेलंच. डॉक्टर मुहन्नद सकाळी आला, प्रसन्न, अत्तर लावलेला, पावलावर टकटक करून म्हणाला, “नस झोपलीय, खाला. ओढाताणीत झोपते कधी कधी. होईल जागी.” महिन्याने म्हणाला, झोपलीय. सहा महिन्यांनी म्हणाला, “लहान मुलासारखं आहे, उठवायला गेलं की चिडते, आपली आपण उठली की हसते.” तिने पाय घासला, गरम पाण्यात बुडवला, ऑलिव्हच्या तेलाने चोळला, विजेचे झटके घेतले, त्या पायाशी बोललीसुद्धा. आणि वर्षभराने त्याच माणसाने तिच्याकडे न बघता, खिडकीकडे बघत सांगितलं की हाडच ठिसूळ होतं, वय झालं होतं, शिवाय “तुम्ही मनाने उभारी धरत नाही, खाला. चालायचा कंटाळा करता.” चालायचा कंटाळा! रुवैदाने! जिच्याबद्दल मुली म्हणायच्या की मिसच्या आधी मिसची टाच वर्गात येते! लग्न झालं नाही, मूल झालं नाही, रूप यथातथाच. पण तिची चाल होती. ताठ, झपाझप, डोक्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडणार नाही अशी. डोंगराच्या पायऱ्या ती एका दमात चढायची आणि वर पोहोचून मागे राहिलेल्या तरण्याताठ्या मास्तरणींना हसायची. बायका दागिने किंवा मुलं मिरवतात तशी ती चाल मिरवायची, हे तिला ती गेल्यावरच कळलं. आता ती चढावरून जाते तेव्हा आधी काठी येते, मग थप्पकन पाऊल येतं, आणि मग मिस येते. नमाज खुर्चीवर. ज्या कपाळाने आयुष्यभर जमीन शोधली ते आता हवेतच वाकतं. तेव्हा तिने तक्रार केली. फाईल आली तेव्हा तीत लिहिलेलं होतं: शस्त्रक्रिया कोणत्याही अडचणीविना पार पडली. ती चुप्पी तीत नव्हती.

“अगं, आले! गाड्या आल्या!” इतिदाल धावत आत आली आणि दाराची फट धरून उभी राहिली. इतिदालला या सगळ्याची गंमत वाटत होती आणि ती तिने फारशी लपवली नाही. “केवढी माणसं! तो उंच म्हातारा म्हणजे पाशा का गं? किती वाळलेत बिचारे. टीव्हीवर कसे भरलेले दिसायचे. आणि तो बघ, तुझा डॉक्टर. अगदी दाराजवळ बसलाय, मान खाली घालून. मला बाई वाईटच वाटतंय.”

“वाटू दे.”

“असं नको बोलू. त्याचीही आई असेल ना?”

रुवैदा पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. कोट सळसळले, सलाम झाले, खुर्च्या सरकल्या. मग ग़ालिबने कॉफी ओतली. बिनकानाचे छोटे कप एकेकासमोर ठेवल्याचा आवाज आला आणि कपाला कोणीही हात लावला नाही, कारण मागणं मान्य होईपर्यंत पाहुण्याने कॉफी प्यायची नसते. सत्तम पाशांनी घसा साफ केला. आवाज अजून मंत्र्याचाच होता.

“अबू नायिफ, आम्ही मागायला आलोय. मुहन्नद आमचा पोरगा. चूक झाली असेल, नसेल, ते अल्लाला ठाऊक. माणसाच्या हातून काम होतं तिथे कमीजास्त व्हायचंच. तुमच्या बहिणीला त्रास झाला, तो आमच्या बहिणीला झाला. तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो. त्यांच्या दारातून रिकाम्या हाताने कोणी गेलं नाही. आज आमची कॉफी तुमच्या हातात आहे.”

असेल, नसेल! रुवैदाला वाटलं, काय सुरेख कसब आहे हे. माफी मागायची, पण कशाची ते सांगायचं नाही. आणि ज्याला ठाऊक होतं तो दाराजवळ मान घालून बसला होता. त्याने बोलायचंच नसतं. जाहा असते तेव्हा गुन्हेगाराच्या वतीने वडीलधारे बोलतात, तो गप्प बसतो. तो त्याचा विनय. त्याला शरण आणलेलं असतं, पण तोंड शिवून. तिने आजपर्यंत कितीतरी जाहा पाहिल्या होत्या, मामाच्या घरी, शेजारी, मोटारीखाली आलेल्या पोरांसाठी, जमिनीच्या भांडणासाठी, आणि दर वेळी तिचे डोळे भरून आले होते, की बघा, आमच्यात माणूस माणसाला सोडतो. आतल्या खोलीत बसलेली बाई काय करत असते, याचा विचार तिने कधी केला नव्हता.

“पाशा,” ग़ालिबचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता हेच वाईट, “तुम्ही या घराचा उंबरा ओलांडलात तिथेच आमचा हक्क मिटला. अल्लासाठी आणि इथे आलेल्या चेहऱ्यांच्या मानासाठी सोडला. काही मागणं नाही, काही अट नाही. घ्या. कॉफी घ्या.”

एकदम सगळे बोलू लागले. अल्ला तुमचं भलं करो, अस्सल घराणं, बापाचा मुलगा. कप उचलले गेले, घोट घेतले गेले, कोणीतरी समाधानाने घसा खाकरला. इतिदाल डोळे पुसत वळली आणि म्हणाली, “संपलं बाई एकदाचं.” पण संपलं नव्हतं. वकीलबाईंनी रुवैदाला बजावून ठेवलं होतं, “बैठकीत भाऊ काहीही बोलू दे मिस. तक्रार तुमच्या नावाची. तुमची सही होईपर्यंत एक कागद हलत नाही.” तो कागद पाहुण्यांनी टाईप करून आणलेला होता, तेही तिला ठाऊक होतं. आमचा हक्क! ग़ालिब ‘आमचा’ म्हणाला तेव्हा त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या का? ती उठली, पुन्हा बसली. तिच्या मनात एक लाचार विचार आला आणि तो तिने हाकलला नाही. आता तर याला माफ केलंय. आता याला कुणाचंच भय नाही. मग आता तरी सांगेल.

“इतिदाल, डॉक्टरला इकडे बोलाव. म्हणावं, सही करायचीय, पण त्याच्यासमोर.”

इतिदालचा चेहरा उजळला. ग़ालिबने स्वतः डॉक्टरला दाराशी आणून सोडलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, जावयासारखं. कागद आणि पेन टेबलावर ठेवून तो पाहुण्यांकडे परत गेला; दार रीतीप्रमाणे उघडंच राहिलं. डॉक्टर मुहन्नद पुढे येऊन वाकला आणि तिच्या डोक्याचं चुंबन घ्यायला लागला. तिने मान मागे घेतली. वर्षभरात तो जाडा झाला होता. अत्तर तेच होतं.

“बस, पोरा. मी सही करणार आहे. मला तुझं काही नको. एकच सांग. त्या दिवशी मी जागी होते. तुम्ही दगडाचं बोलत होतात, पांढरा की गुलाबी. मग तू म्हणालास, अजून ओढ. मग सगळे गप्प झालात. काय झालं होतं तेव्हा?”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येईल, भीती, शरम, निदान चोरी पकडल्याची चलबिचल, म्हणून ती वाट बघत होती. काहीच आलं नाही. तो खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होता.

“दगडाचं?” तो म्हणाला. “हो, घराचं काम तेव्हा चालू होतं खरं. पण खाला... खरं सांगू? मला आठवत नाही.”

“काय आठवत नाही?”

“काहीच. तुमचं ऑपरेशन. म्हणजे फाईल मी दहा वेळा वाचलीय, पण ते... आठवड्याला इतकी होतात. रोजचंच काम आहे ते.” मग त्याचं लक्ष टेबलावरच्या कागदाकडे गेलं, आणि तो घाईने पुढे सरकला. “पण थांबा हं. गप्प झालो म्हणता ना? मग रक्त सुटलं असेल. रक्त सुटलं की आपोआप सगळे गप्प होतात. हां, बहुतेक रक्तच. किंवा सांध्याचं माप जुळत नसेल, दुसरं मागवलं असेल. तसं झालं असेल बघा. आणि ओढताना... ओढताना नस थोडी ताणली गेली असेल. झालं असेल, खाला. मी म्हणतो ना, झालं असेल! माझी चूक झाली असंच समजा.”

घरचा अभ्यास न केलेली मुलगी फळ्यापाशी उभी राहून बाईंच्या तोंडाकडे बघत बघत उत्तर रचते, तसा तो रचत होता. तिला जे हवं ते तो देणार होता, रक्त हवं तर रक्त, चूक हवी तर चूक. खोटारडा असता तर बरं झालं असतं. खोटारड्यापाशी खरं लपवलेलं तरी असतं. याच्यापाशी काहीच नव्हतं. दोन वर्षं तिने ज्या घटकेभोवती घिरट्या घातल्या, झोपेत, नमाजात, वकीलबाईंच्या पायऱ्यांवर, ती घटका या माणसाच्या आयुष्यात घडलीच नव्हती. जगात ती फक्त तिच्याजवळ होती. रुवैदाला वाटलं आपण रडणार, पण रडू आलं नाही. शिसारी आली, त्याची, पाशांची, बैठकीतून येणाऱ्या हसण्याबोलण्याची, आणि सगळ्यात जास्त आपल्या स्वतःच्या लाचारीची.

“पुरे,” ती म्हणाली. तिने कागद उचलला, पेन नाही. काठी घेतली. “अगं कुठे?” इतिदाल कुजबुजली, पण तोवर ती दारात पोहोचली होती.

काठी, मग थप्पकन पाऊल. बैठकीतल्या माणसांनी आधी आवाज ऐकला आणि मग ती दिसली. काही जण उठून उभे राहिले, काहींनी नजर वळवली. त्यांना अवघडल्यासारखं झालं, ग़ालिबचं खरंच होतं. ती बापाच्या वेळच्या बुटक्या गादीपर्यंत चालत गेली, कारण या सगळ्यांसमोर पडायचं नव्हतं, आणि सरळ तिच्यावर बसली.

“पाशा, तुम्ही वडील माणूस. माझ्या दारातून तुम्ही रिकामे जावं अशी माझी इच्छा नव्हती. पण ही सही होणार नाही. तक्रार चालू राहील.”

“रुवैदा!” ग़ालिब ओरडला.

सत्तम पाशांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते समजुतीने हसले. रागावलेल्या बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या असणार. “बहीण माझी, दुःख आहे, कळतं मला. पण आता कॉफी पिऊन झाली. प्यायलेली कॉफी कपात परत येत नाही.”

“कॉफी तुम्ही प्यायलात,” ती म्हणाली. “मी नाही प्यायले.”

मंडळी उठली ती निरोप न घेता. कोणी ग़ालिबशी हात मिळवला, कोणी नाही. डॉक्टर मुहन्नद तिच्यासमोरून गेला तेव्हा क्षणभर थबकला, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण कुणीतरी त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं. फाटकापर्यंत ग़ालिब त्यांच्यामागे विनवत गेला. “वेडी झालीय ती, पाशा, दुखण्याने वेडी झालीय,” असं तो म्हणाला ते तिला उघड्या खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं. गाड्या गेल्या. इतिदाल कप गोळा करायला आली, नणंदेकडे न बघता तबकात एकेक कप आपटत ठेवू लागली, आणि अर्धे तसेच टाकून वर निघून गेली.

ग़ालिब परत आला. कोटाचं बटण तुटून लोंबत होतं. “नाक कापलंस माझं,” तो म्हणाला. ओरडला नाही, हेच जास्त लागलं. “चारचौघांत. बापाच्या बैठकीत. आता कुठल्या तोंडाने मशिदीत जाऊ मी?”

“माझा पाय होता, ग़ालिब.”

“आणि माझा शब्द! त्याची काही किंमत? तू लहानपणी मला चालायला शिकवलंस म्हणतेस ना सगळ्यांना? मग आज मला असं पाडायचं होतंस? काय मिळालं तुला? सांग ना. काय बोलला तो?”

“काही नाही. त्याला आठवत नाही.”

“बघ! मग कशासाठी चालू ठेवायचंय हे?”

समिती बसेल, उठेल, आज नाही उद्या काहीतरी लिहील, आणि तेही त्या डॉक्टरसारखंच फाईल वाचून रचलेलं असेल. पण कोणीतरी त्याला पुन्हा पुन्हा बोलावून विचारील, घराचं काम टाकून त्याला यावं लागेल, आणि एक दिवस विचारून विचारून ती घटका त्याच्याही आयुष्यात घडेल. त्याच्या हाडात ठोकून बसवली जाईल. एवढंच तिला हवं होतं, आणि हे काही फार चांगलं मागणं नव्हे हे तिला कळत होतं. तिने ते ग़ालिबला सांगितलं नाही. ती दमली होती. तिला उठून आत जाऊन आडवं व्हायचं होतं.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण बुटक्या गादीवर बसलो आहोत. ऑपरेशन झाल्यापासून असल्या आसनावर ती कधी बसली नव्हती. बसलं तर एकटीला उठता येत नाही, कुणीतरी समोरून हात धरून ओढावं लागतं. दोन वर्षं रोज, मोरीतून, मोटारीतून, पलंगावरून, तो हात ग़ालिबचा होता. सवयीने तिने हात पुढे केला. “उठव जरा.”

सवयीनेच तोही पुढे आला. मग थांबला. तिच्या शेजारी गादीवर तो कागद पडला होता. ग़ालिबने तो उचलला, चुरगळलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला, आत जाऊन पेन घेऊन आला.

“आधी सही कर. पाशांच्या घरी मी स्वतः नेऊन देतो. अजून वेळ गेली नाही.”

“ग़ालिब, हात दे.”

“सही कर, मग देतो.” आवाजात दुष्टपणा नव्हता. लहानपणी तो असंच म्हणायचा, आधी खाऊ दे, मग जाऊ देतो, आणि दारात आडवा हात करून उभा राहायचा.

रुवैदाने हात मागे घेतला. दोन्ही तळवे गादीवर रोवले, उजवा पाय घट्ट रोवला, आणि डावा नजरेने बघून बघून जागेवर ठेवला, कारण बघितल्याशिवाय तो कुठे आहे हे तिला कळत नसे. जोर केला. वीतभर वर गेली आणि पुन्हा खाली आपटली. खुब्यातून कळ डोक्यात गेली. काठी घरंगळत त्याच्या पायापाशी गेली. तिने काठी मागितली नाही. थोडी पुढे कडेला सरकली, पुन्हा तळवे रोवले, पुन्हा पाय नजरेने ठेवला.

“हट्ट करू नकोस, रुवैदा,” तो म्हणाला. मग त्याने पाहुण्यांपैकी कुणाची तरी खुर्ची ओढली, तिच्या बरोब्बर समोर ठेवली, आणि कागद मांडीवर घेऊन बसला. त्याला आता कुठे जायची घाई नव्हती.